कबुलीच्या जाळीतली गोरी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी जाळी आहे. माझ्या अंगात आडव्या अकरा आणि उभ्या अकरा पट्ट्या आहेत. बावीसपैकी एकवीस पट्ट्या पस्तीस वर्षांच्या श्वासांनी आणि बोटांनी काळ्याभोर झाल्या आहेत. एक मात्र गोरी आहे. ती गेल्याच वर्षी बसवली. तिच्या जागची मूळ पट्टी कोणी तोडली ते मला ठाऊक आहे. मी ते विसरले नाही, आणि विसरावे असे मला अजून वाटतही नाही.

माझे लाकूड रिसोडच्या एका पाडलेल्या कापूस-जिनिंगच्या दाराच्या चौकटीचे. तिथले सुतार रज्जाक मिस्त्री यांनी ते ओळखीने मिळवले होते. मेडशीकडून एक कच्चा रस्ता आमच्या वस्तीकडे वळतो. तिथे ख्रिस्ती मंडळींची पंचवीस-तीस घरे आहेत आणि एक लहान चर्च आहे. त्या चर्चसाठी तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनी मिस्त्रींना कपाटासारखी एक खोली बनवायला सांगितली. तिच्यात एका बाजूला फादर बसतील, दुसऱ्या बाजूला माणूस गुडघे टेकेल, आणि मध्ये मी असेन, असा नकाशा होता.

हे कशासाठी, असे मिस्त्रींनी विचारले. फादरांनी सांगितले, की आमच्या धर्मात माणूस आपली पापे देवापुढे कबूल करतो. ऐकायला फादर बसतात. ते देवाच्या नावाने क्षमा देतात आणि प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना करायला सांगतात. पण जे ऐकले ते फादर कोणालाही सांगत नाहीत. पोलिसांना नाही, बिशपांना नाही, स्वतःच्या आईलाही नाही. जीव गेला तरी नाही. तोंडाने तर नाहीच, पण नुसती मान हलवली तरी ती फितुरी होते. ऐकलेल्या गोष्टीवरून बाहेर वागणे बदलले तरी ती फितुरी होते.

रज्जाक मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "म्हंजे अमानत झाली, दुसऱ्यानं इश्वासानं ठेवलेली ठेव. मंग जाळी बारीक लागते. आवाज गेला पाह्यजे, चेहरा नाही."

त्यांनी मला एकही खिळा मारला नाही. पट्टीत खाच पाडून दुसऱ्या पट्टीची खाच तिच्यात बसवली. एक खाच सैल झाली तेव्हा त्यांनी ती पट्टी सरळ चुलीत घातली आणि नवी केली. पुढे बिशप आले, तेव्हा त्यांनी माझ्यावरून हात फिरवून विचारले, की ही कोणाची कारागिरी? वस्तीतल्या लोकांनी छाती फुगवून रिसोडच्या मिस्त्रींचे नाव सांगितले. मला फार बरे वाटले होते.

वस्तीतले लोक आमच्या त्या खोलीला 'कपाट' म्हणतात. कपाटात जाऊन आलो, असे म्हणतात. पस्तीस वर्षांत मी काय काय ऐकले! पण ते मी तुम्हांला सांगणार नाही. फादरांना जो नियम, तोच मला. चुकून कोणाच्या कानावर कबुलीतला शब्द पडला, तर त्यालाही तोच नियम लागतो. मग मी तर जन्मच ऐकण्यासाठी घेतला आहे. या गोष्टीत तुम्हांला जे जे सांगेन, ते एकतर चर्चमध्ये सगळ्यांदेखत घडलेले असेल, नाहीतर ज्याचे त्याने स्वतः सगळ्यांपुढे सांगितलेले असेल.

मधली काही वर्षे माझी उपेक्षाही झाली. एक फादर खुर्ची टाकून उघड्यावरच बसत. तेव्हा बायका माझ्या पट्ट्यांना पिशव्या अडकवून ठेवीत आणि कोपऱ्यात कोळी जाळे विणीत. मग वसईकडचे फादर इनास आले. ते चर्चमागच्या खोलीत राहू लागले. त्यांनी पहिल्याच दिवशी ओल्या फडक्याने माझी प्रत्येक पट्टी पुसली आणि मला पुन्हा कामाला लावले.

आता वस्तीतली एक सवय सांगते, कारण सगळे त्यावरूनच घडले.

कबुली झाली, की माणूस बाहेर येऊन मारियामातेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकतो आणि फादरांनी सांगितलेल्या प्रार्थना म्हणतो. साधारण तीन 'नमो मारिया' असतात. चटईवर बसलेल्या बायका हे बघत असतात. ललिताबाई तर चक्क बोटांवर मिनिटे मोजते. लवकर उठला तर छोटे पाप, उशिरा उठला तर मोठे, असा वस्तीचा हिशेब. मग बाहेर थट्टा चालते. "फादरनं आज ताटभर प्रार्थना वाढल्या वाटते तुले," असे एकमेकांना म्हणतात आणि हसतात. फादर इनासांनी किती वेळा सांगितले, की प्रायश्चित्तही कबुलीचाच भाग आहे, तेही गुप्त असते, डोळे मिटून बसत जा. बायका माना डोलवीत, आणि ललिताबाईची बोटे पदराआड मोजत राहत.

माझी पट्टी तुटली त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात धुरपताबाईची सोयाबीनची सुडी जळाली. कापलेले सोयाबीन मळणीआधी शेतात रचून ठेवतात, त्या ढिगाला आमच्याकडे सुडी म्हणतात. तिचा नवरा फुलचंद उन्हाळ्यापासून दूर बांधकामावर मजुरीला गेला होता. पेरणीपासून कापणीपर्यंत सगळे तिने एकटीने केले होते. बाजाराच्या दिवशी भर दुपारी ती मेडशीला गेली, आणि परत आली तेव्हा शेतात काळे वर्तुळ उरले होते. वरची ताडपत्रीसुद्धा वितळून मातीला चिकटली होती. पोलीस येऊन पंचनामा करून गेले. कोणी सापडला नाही.

धुरपताबाई रडली नाही. तिने त्या वर्तुळातली मूठभर राख पदरात बांधली आणि ती गाठ सोडली नाही. ज्याने हे केले त्याच्या घरात अशीच राख करीन, असे ती चर्चच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना ऐकवत असे. त्या दिवसापासून ती कपाटाकडे फिरकली नाही. क्षमा मागायला आले की क्षमा करावीही लागते, आणि तिला ती करायची नव्हती.

नाताळाच्या आधी सगळी वस्ती कबुलीला आली. त्यांत सोमलाकाका होते. सोमलाकाका वस्तीतले जुने. घरोघरी जपमाळेची प्रार्थना सांगायला वीस वर्षे तेच उभे राहत. त्यांचे शेत धुरपताबाईच्या शेताला लागून होते, आणि उन्हाळ्यात धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, दोघांचे मोठे भांडण झाले होते. रागाच्या भरात "पाहून घेईन तुले" असे ते बोलून गेले होते. ते सगळ्यांनी ऐकले होते.

सोमलाकाका कपाटातून बाहेर आले आणि मूर्तीपुढे बसले. पाच मिनिटे झाली. दहा झाली. त्यांच्यामागून आलेले चौघे उठून गेले. ललिताबाईच्या दोन्ही हातांची बोटे संपली. सोमलाकाकांचे ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. कपाळाला घाम होता. पाऊण तासाने ते भिंतीला धरून उठले. चटईवर कोणी हसले नाही. सगळ्या बायकांनी वळून धुरपताबाईकडे पाहिले. ती मागच्या दाराशी उभी होती, आणि तिचा हात पदराच्या गाठीवर होता.

त्या दिवसापासून वस्तीने सोमलाकाकांना तोडले. त्यांच्या हातचे पाणी कोणी घेईना. जपमाळेला त्यांना कोणी बोलवीना. ते काहीच बोलले नाहीत. खाली मान घालून शेतात जात आणि येत. वस्ती म्हणाली, पाहा, खाली मान आहे.

जानेवारीत तुरी कापून झाल्या. सोमलाकाकांनी आपल्या तुरीची गंजी खळ्यावर रचली. शनिवारी मळणीयंत्र येणार होते. गुरुवारी दुपारी धुरपताबाई चर्चमध्ये आली. हातात विळा होता, शेतातून तशीच आली होती. फादर इनास वेदीवरची मेणबत्ती बदलत होते.

ती म्हणाली, "फादर, मले जास्त काही नाही पाह्यजे. सोमलानंच लावली ना आग? तुमी बोलू नका. फकस्त मान हालवा."

फादरांनी मान हलवली नाही. 'हो' अशी नाही, आणि 'नाही' अशीही नाही. मित्रांनो, यातले अवघड तुमच्या लक्षात येते का? 'तो नव्हे' एवढे म्हणणे किती सोपे वाटते. पण एकाविषयी 'तो नव्हे' म्हटले, की उद्या दुसऱ्याविषयी विचारतील. ज्याच्या नावाला फादर गप्प राहतील, तो आपोआप उघडा पडेल. म्हणून सगळ्यांविषयी सारखेच गप्प राहावे लागते.

"बाई, त्या जाळीपलीकडचे मला काहीच विचारू नका," फादर म्हणाले. "तुमचेही मी कधी कोणाला सांगितले नाही."

"माह्यं सांगा ना मंग. वाजवून टाका सगळ्या गावात. मले काय धाक हाय? माह्यापाशी जळायले काही उरलं नाही."

ती गरकन वळली, माझ्यासमोर आली, आणि माझ्यावर विळा हाणला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला माझी मधली आडवी पट्टी कडकन तुटली. रज्जाक मिस्त्रींची खाच उभी फाटली. "हे मुकं लाकूड," ती म्हणाली, "याले सगळं माहीत हाय आन् हे बोलत नाही."

तुम्ही मला समजूतदार समजत असाल, तर ऐका. त्या क्षणापासून मी तिच्यावर दात धरला. मी तिचे काय वाकडे केले होते? वीस वर्षे ती माझ्या याच पट्टीशी ओठ आणून बोलली होती. तिच्या लग्नाच्या आधीपासूनची तिची वाक्ये माझ्या लाकडात मुरलेली होती. एक, फक्त एक वाक्य मी वस्तीत सोडले असते, तर तिला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्या रात्रभर मी मनात ते वाक्य निवडत होते. कोणते सोडले तर तिला सर्वांत जास्त लागेल, ते बघत होते. लाकडालाही सूड सुचतो, मित्रांनो.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा आली आणि या वेळी कपाटात शिरून गुडघे टेकले. आत काय बोलणे झाले ते तिने नंतर सगळ्या वस्तीपुढे स्वतःच्या तोंडाने सांगितले, म्हणून मी ते सांगू शकते. नाहीतर सांगितले नसते.

ती कबुलीला आलीच नव्हती. ती फादरांचे तोंड बांधायला आली होती. ती म्हणाली, "फादर, आज दुपारी मी सोमलाची गंजी पेटवून राह्यली. आता हे तुमाले कपाटात सांगतलं. आता सांगून दाखवा कोनाले."

फादर म्हणाले, "पश्चात्ताप नसेल तर ही कबुली नव्हे, बाई. मी तुम्हांला क्षमा देऊ शकत नाही. पण तुम्ही या जागी बोललात. मी ते बाहेर नेणार नाही. एकच मागतो. काडी ओढण्याआधी त्याला समोर उभा करून एकदा विचारा."

"इचारीन," ती म्हणाली. "त्याच्या तोंडून ऐकीन आन् मंगच लावीन. त्याले पाहू दे जळतानी."

ती गेली. फादर उठले नाहीत. सोमलाकाकांच्या शेतात ते गेले असते, नुसते सहज म्हणून खळ्यावर जाऊन बसले असते, तरी ऐकलेल्या गोष्टीवरून वागणे बदलले असते. कबुली ऐकताना गळ्यात घालायचा जांभळा पट्टा तसाच ठेवून ते माझ्यामागे बसून राहिले आणि प्रार्थना करत राहिले. त्यांचा हात माझ्या तुटक्या टोकाशी होता. लाकडाचे कुसळ बोटात गेले तरी त्यांनी हात काढला नाही.

आणि मी काय मागत होते? खोटे कशाला सांगू? मी मागत होते, की लागू दे आग. लोक धावू देत. काडीपेटीसकट ती सापडू दे, आणि तिला पोलिसांच्या जीपमध्ये घालून नेताना सगळी वस्ती बघू दे. सोमलाकाकांच्या तुरीचा विचार माझ्या मनात आलासुद्धा नाही. सूड असा असतो. ज्याचे जळणार असते तो माणूस त्यात दिसतच नाही.

दुपार झाली. धूर दिसला नाही. संध्याकाळ झाली, तरी नाही. शनिवारी मळणीयंत्राची घरघर चर्चपर्यंत ऐकू आली.

रविवारी मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, संपल्यावर सोमलाकाका आपणहून पुढे आले. त्यांनी टोपी हातात घेतली आणि वस्तीकडे तोंड केले. ते म्हणाले, दोन वर्षांमागे मला ताप आला होता, तुम्हांला माहीत आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यातून शब्द गळतात. घरी सून जेवायला काय करू विचारते, तर भाजीचे नाव आठवत नाही. प्रार्थनाही अर्ध्यात तुटते. जपमाळेत पुढचा अर्धा भाग तुम्हीच म्हणता, म्हणून आजवर निभावले. वीस वर्षे तुम्हांला प्रार्थना सांगितली, आता मलाच येत नाही, हे सांगायची लाज वाटत होती.

"नाताळात तीनच होते, तुमच्यासारखे," ते म्हणाले. "पन मधात इसरलो का पुन्हा पयल्यापासून धरो. तिसऱ्यापरेंत पोचता पोचता पाय बधिर झाले."

फादर इनास खाली पाहत होते. महिनाभर त्यांना हे ठाऊक होते, आणि महिनाभर त्यांनी त्या माणसाला वस्तीच्या थुंकीखाली बसलेले पाहिले होते. एक शब्द बोलून सोडवता आले असते. पण तो शब्द सोमलाकाकांचा होता, फादरांचा नव्हता.

ललिताबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

मग धुरपताबाई उठली. ती म्हणाली, बसा काका, आता माझे ऐका. आणि तिने सगळे सांगितले. विळा सांगितला, कपाटातले बोलणे सांगितले, आणि पुढचेही सांगितले.

शुक्रवारी भर दुपारी ती खळ्यावर गेली. गंजीच्या पलीकडून आवाज येत होता. सोमलाकाका सावलीत एकटेच बसून प्रार्थना घोकत होते. "हे पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी आता आणि..." इथे ते थांबत. जमिनीवर मूठ मारत. पुन्हा 'नमो मारिया'पासून सुरू करत. पुन्हा तिथेच अडकत. ती काडीपेटी उघडून उभी होती. तिने तीनदा ऐकले. चौथ्यांदा ते तिथेच अडले, आणि लहानपणापासूनच्या सवयीने तिच्याच तोंडून पुढचे शब्द गेले, "आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर."

सोमलाकाका वळले. त्यांनी तिला पाहिले, मग तिच्या हाताकडे पाहिले.

"काडीपेटी कायले आनली, धुरपता?" ते म्हणाले. "बिडी तं तू पेत नाही."

तिला विचारायचे होते ते तिने विचारलेच नाही. नाताळातला पाऊण तास कशात गेला, याचे तिला उत्तर मिळाले होते. ती तिथेच मातीत बसली आणि त्यांच्याकडून दहा वेळा तो तुकडा म्हणवून घेतला.

चर्चमध्ये एवढे सांगून झाल्यावर धुरपताबाईने सोमलाकाकांचे पाय धरले. पण तुम्हांला वाटेल, की ती एकदम मऊ झाली. तसे झाले नाही. उठताना तिने पदराची गाठ वर धरून सगळ्यांना दाखवली. "आन् ज्यानं खरी लावली, तो इथं बसेल असन तं ऐकून घे," ती म्हणाली. "मी तुले अजून सोडलं नाही. पन आता मी बोटं मोजून नाही शोधनार."

पुढच्या आठवड्यात तिने मला दुरुस्त करायला माणूस बोलावला. रज्जाक मिस्त्री आता थकले आहेत. त्यांची मुलगी यास्मीन दुकान चालवते. ती आली, तुटलेली पट्टी काढली, नवी सागाची पट्टी घासून बापासारखीच खाचेत खाच बसवली. खिळा नाही. मग तिने विचारले, की काळी पॉलिश मारून बाकीच्यांसारखी करू का, कळणारही नाही. फादर 'हो' म्हणणार होते. धुरपताबाई म्हणाली, "नाही, पोरी. गोरीच राहू दे. मले दिसली पाह्यजे."

तोच माझा सूड, मित्रांनो. ती कबुलीला येते, गुडघे टेकते, आणि नेमकी ती गोरी पट्टी तिच्या डोळ्यांसमोर येते. दर वेळी तिचे बोट तिच्यावर जाते. मी अजून तिला पूर्ण क्षमा केलेली नाही. पण निवडून ठेवलेले ते वाक्य मात्र मी माझ्या लाकडात परत खोल पुरून टाकले आहे. ते तिचे आहे. सांगायचे असेल तर तीच सांगेल, जसे सोमलाकाकांनी आपले सांगितले.

तुम्हांलाही कोणीतरी कधी विश्वासाने काही सांगेल. एखादा मित्र सांगेल, की मला अजून वाचता येत नाही. एखादी मैत्रीण घरातले दुःख सांगेल. पुढे तुमचे भांडण होईल. ते होणारच, मुले भांडतात. तेव्हा ते गुपित तुमच्या हातात विळ्यासारखे येईल, आणि हल्ली तर मोबाइलवर एका बोटाने सगळ्या शाळेत पोचेल. राग धरा हवा तर. मीही धरला आहे. पण ती अमानत सांभाळा. आणि कोण किती वेळ गुडघ्यांवर बसले, ते मोजू नका.

आजही मेडशीहून कोणी पाहुणा आला, की माझ्याजवळ उभा राहून हळूच म्हणतो, की सुडी कोणी जाळली ते या जाळीला माहीत असेल. धुरपताबाई ते ऐकते. ती माझ्याकडे एकदा पाहते आणि त्या पाहुण्याला म्हणते, "तिले नोको इचारू. ते नाही सांगत."

मग ती आपल्या पदराच्या टोकाने माझ्या गोऱ्या पट्टीवरची धूळ पुसते. राखेची गाठ दुसऱ्या टोकाला आहे. ती अजून सुटलेली नाही.